घिसाल्लोचा घाट आणि बाबांची अ‍ॅटलस

लेक्को, रविवार रात्र

आई, बाबा, आजी,

सगळ्यांना नमस्कार. छोट्या, हे तू आजीजवळ बसून मोठ्याने वाच, मधलं गाळायचं नाही. फोनवर सांगायला घेतलं की एक तर रेंज जाते नाहीतर आजी "जेवली का" वरच अडकते, म्हणून लिहून पाठवते.

पहिले कामाचं. बाबांची अ‍ॅटलस सायकल भंगारवाल्याला द्यायची नाही. मागच्या फोनला आई म्हणत होती की गोठ्यात उगाच जागा अडते, दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकू. थांब आई. का ते सांगते, पण जरा लांबण आहे.

मी राहते ते इटलीतलं लेक्को कोमो नावाच्या तलावाच्या काठावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे, फोटो पाहिलेत. खिडकीतून रेझेगोने दिसतो, करवतीचे दात असावेत तसा डोंगर, आणि नावही करवतीवरूनच पडलंय. इथली पोरं रविवारी घरी बसतच नाहीत. कोणी पायी डोंगरावर, कोणी सायकलने. मी महिनाभर "अभ्यास आहे" करून टाळलं, पण शेवटी गेलेच, भाड्याची सायकल घेऊन, ट्रेनने वारेन्ना आणि तिथून बोटीत सायकल टाकून समोरच्या काठाला बेल्लाजोला. तिथून घिसाल्लोचा घाट लागतो. तलावाचं पाणी समुद्रसपाटीपासून जवळपास २०० मीटरवर आहे आणि घाटमाथा ७५४ वर, अंतर म्हणाल तर दहा-साडेदहा किलोमीटर. मी म्हटलं हे काय, चिखलदऱ्याला जाताना लागणारा धामणगाव गढीचा घाट पाहिलेली पोरगी आहे मी.

पाहिलेली, हो. बसच्या खिडकीतून.

पहिले चार किलोमीटर असे उभे आहेत की विचारू नका. काही ठिकाणी चढ १४ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की चौदा मीटर वर. मागची सगळ्यात मोठी चकती लावली, म्हणजे पायडल हलकं पडतं पण सायकल पुढे सरकतच नाही, पाय गरागरा आणि गाडी जागेवर. तिसऱ्या वळणावर घाईत गिअर बदलला आणि चेन उतरली. मग काय, बाबांनी शिकवलं तसंच, काडी शोधली, चेन खालून दातांवर धरली आणि पायडल उलटं फिरवलं, बसली. हात मात्र काळेकुट्ट. एक आजोबा, सत्तरीचे तरी असतील, चकाचक जर्सी घालून मागून आले, थांबले, बघितलं, "ब्रावा", म्हणजे शाब्बास, म्हणाले आणि मला मागे टाकून निघून पण गेले. त्यानंतरचं अर्धा किलोमीटर मी सायकल ढकलत नेली, हे छोट्याने कोणाला सांगू नये.

मधे चिवेन्ना गाव येतं तिथे रस्ता सपाट होतो, थोडा उतारही आहे, वाटतं संपलं एकदाचं, आणि शेवटच्या दीड किलोमीटरला परत तीच गत.

पण बाबा, वर काय आहे माहीत आहे का? सायकलवाल्यांचं देऊळ! छोटंसं दगडी चर्च, आपल्या मारुतीच्या देवळापेक्षा थोडं मोठं असेल. जुनी गोष्ट अशी सांगतात की घिसाल्लो नावाच्या सरदाराला इथे दरोडेखोरांनी घेरलं, तो मेरीच्या तसबिरीपाशी धावला आणि वाचला. मग वाटसरूंची देवी झाली, आणि १९४९ मधे पोपनेच जाहीर केलं की ही सायकलस्वारांची देवी. आत गेल्यावर मान वर करूनच फिरावं लागतं, भिंतीवर छतापर्यंत सायकली टांगलेल्या आणि काचेमागे जर्सी. कोप्पी, बार्ताली, मेर्क्स, म्हणजे सायकलच्या शर्यतीतले आपले सचिन-कपिल समजा, त्यांच्या खऱ्या सायकली. आपण दसऱ्याला सायकल धुऊन, हळदीकुंकू लावून, हॅन्डलला झेंडूची माळ घालतो ना, तसंच वाटलं मला, फक्त इथे ती माळ वर्षभर आहे. मी गुपचूप भाड्याच्या सायकलच्या हॅन्डलला हात लावून नमस्कार केला. दसऱ्याला राहिला होता.

तिथेच एक मोडकी सायकल पण आहे. कासार्तेल्ली नावाचा याच भागातला पोरगा होता, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला गोल्ड मेडल मिळवलेला. तीन वर्षांनी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत घाट उतरताना पडला आणि गेला. त्याची ती वाकलेली सायकल तशीच ठेवलीय, सरळ केलेली नाही. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. चढताना माणूस दमतो फक्त, खरी भीती उतरताना आहे हे मला तिथे कळलं, कारण उतरायचं अजून बाकीच होतं ना.

आणि उतरताना मला सारखी बाबांची पळसाची फांदी आठवत होती.

आई, तू नेहमी म्हणते "काहीबी फेकतात तुझे बाबा". मलाही थापच वाटायची, की लग्नाआधी पैजेवर परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलने गेले, अर्धा घाट ढकलत, आणि येताना ब्रेकचे रबर घासून संपले म्हणून मागे झाडाची फांदी बांधून ती फरफटत घाट उतरले. आता मी सांगते, थाप नसणार. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक होते, रस्ता गुळगुळीत, तरी बेल्लाजोला पोचेपर्यंत बोटं आखडली होती, पाण्याची बाटली पकडता येईना. एक गिअरची लोखंडी अ‍ॅटलस, काड्यांचे ब्रेक, आणि गढीचा घाट? फांदी बांधणं सोडून माणूस करणार काय.

त्याच्या पुढच्या रविवारी (म्हणजे आज) पायी गेलो, मोंते सान प्रिमोवर. चौघं होतो, एकाची गाडी होती, तिने अकराशे मीटरच्या आसपास सोडलं आणि पुढे चालत. शिखर १६८२ मीटर, आपल्या चिखलदऱ्याच्या वैराट शिखरापेक्षा पाचशे मीटर उंच. वाट चुकत नाही, दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे मारलेले असतात. खालच्या जंगलात चेस्टनटची काटेरी बोंडं पडलेली, धोत्र्यासारखी, बुटाने दाबून फोडायची. भाजून खाल्ली तर चव शिंगाडा आणि रताळ्याच्या मधली कुठेतरी. आजीला उपासाला चालेल का हा प्रश्न मला पडला होता, आजीच ठरवेल.

वर झाडं संपतात, नुसतं गवत आणि वारा. आणि मग एकदम तलाव. आजी विचारेल "वर काय ठेवलं हाये माय?" तर हे ठेवलंय. तलाव गलोलीसारखा आहे, दोन फाटे आणि एक मूठ, आणि आपण त्या दोन फाट्यांच्या मधे उभे. डावीकडे कोमोचा फाटा, उजवीकडे आमच्या लेक्कोचा, समोर बेल्लाजोचं टोक, तिथे दोन्ही मिळून पाणी उत्तरेला बर्फाच्या डोंगरांपर्यंत पसरलंय. मागच्या आठवड्यात ज्या बोटीत सायकल धरून बसले होते ती वरून ज्वारीच्या दाण्याएवढी. हिमनदीने कोरलेला तलाव आहे, खोली ४०० मीटरच्या वर. बाबा, म्हणजे तेराशे फूट! आपल्या बागेतल्या बोअरला सातशे फुटाला पाणी लागलं होतं आणि तेही उन्हाळ्यात दम तोडते. मी वर बसून पोळी-ठेचा खात होते आणि डोक्यात हाच हिशोब, एवढं पाणी नुसतं पडून आहे आणि कोणी त्याच्याकडे बघून फोटो काढतंय. राग नाही आला, पण घास थोडा अडकला. संत्र्याला या वर्षी मृग बहार धरला का ते कळवा.

खाताना सोबतच्यांना फांदीची गोष्ट सांगितली. एक जण म्हणे खरंच का, सायकलचा फोटो दाखव. म्हणून म्हणते, सायकल विकायची नाही. छोट्या, पोतं काढ, पुसून घे, चेनला तेल दे, आणि बाबांना शेजारी उभं करून एक फोटो पाठव, नळी दिसली पाहिजे, जिच्याखालून पाय घालून मी कैची शिकले ती. आई, जागाच पाहिजे असेल तर माझी शाळेची पुस्तकं काढ गोठ्यातून, ती खुशाल दे.

आणि बाबा, फांदी पळसाचीच होती ना? आज बोलता बोलता मी एकाला पळस सांगितलं आणि दुसऱ्याला साग. एकदा नक्की करून सांगा.

तुमची,
ताई