अण्णा, तुम्ही दाखवलेल्या पॉवर स्टेअरिंगच्या कामाबद्दल

अण्णा,
सा. न. वि. वि.

जुन्या डिझेल जीपचा स्टेअरिंग होज, म्हणजे पॉवर स्टेअरिंगचं तेल नेणारा रबरी पाइप, बदलायचा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा तापलेला धूर गोळा करणारा लोखंडी भाग) आणि चॅसिसच्या मधल्या चार बोटं जागेत हात घालायचा. सोलापूरच्या आम्हा गाडीवाल्यांना तुम्ही हे काम हातचं काही न राखता दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यात मोठे आभार मात्र अडवल्याबद्दल. पंपाकडून दाबाखाली तेल नेणाऱ्या प्रेशर होजला चीर गेली की तेवढा तुकडा कापायचा आणि जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्या) मारायच्या, असा जुगाड सगळीकडे चालतो. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं की त्या होजमध्ये 70 ते 100 बार दाब येतो. तिथे क्लिप काय टिकणार? शिवाय उडालेलं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर पेट घेतं. क्लिप फक्त रिटर्नच्या, म्हणजे तेल कमी दाबाने परत नेणाऱ्या होजला, आणि तोही तेलाला चालणाराच हवा. रेडिएटरचा होज तेलात फुगून मऊ पडतो.

जेसीबीच्या होजना मशीनने दाबून टोकं बसवणाऱ्याकडून (क्रिम्पवाल्याकडून) नवा करून घ्यावा, तर त्यातही तुमची मेख होतीच. तारेच्या जाळीचा होज दाबाला पुरतो, पण ताठ असतो, फुगत नाही. मग पंपाचे ठोके गिळले जात नाहीत आणि स्टेअरिंग गुणगुणतं. शिवाय दोन्ही टोकांचा कोन चुकला की होज पिळूनच बसतो. म्हणून जुना कापण्याआधी त्यावर लांबीभर खडूची रेघ.

खरी कसरत रॅककडच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याकडच्या नटाची. वरून हात जातच नाही. उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं की नट समोर येतो. त्यावर रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा आणि नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर पानाच लावायचा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. जुनी ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) पुष्कळदा भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसली की गळती ठरलेली, आणि दोष बिचाऱ्या नव्या होजला! बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तिथे तांब्याचे दोन वॉशर, दोन्ही नवे.

बसवताना दोन्ही टोकं आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवायची, मग होज जागेवर धरून ठेवणारी क्लॅम्प लावायची, आवळणं सगळ्यात शेवटी. होज फाटतो तो बहुधा ही क्लॅम्प तुटल्यामुळे, कुठेतरी घासून. कारण न शोधता नवा घातला की तोही त्याच जागी जातो.

हवा काढायची तुमची रीत आता आमच्या अंगवळणी पडली आहे: पुढची दोन्ही चाकं वर, इंजिन बंद, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा, मध्ये मध्ये तेल भरत. मग इंजिन सुरू. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरायचं नाही. तेलाला फेस आला तर अर्धा तास थांबायचं. तेल झाकणावर लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल टाकलं तर सगळे सील गेले.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत जागच्या जागी गाडी वळवणाऱ्यांना होजवर किती ताण येतो ते आता कळतं. त्यामुळे जत्रेआधी क्लॅम्प बघून घेतो.

तुमचा 17 चा फ्लेअर पाना आमच्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देतो.

आपले,
जीपवाले