जुन्या बी-मूव्हींना तारे देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या हास्यास्पद भयपटांची यादी प्रसिद्ध झाली आणि तीत १९४० ते १९६० या दशकांतील अमेरिकी भयपटांना व विज्ञानपटांना सरसकट एक किंवा दीड तारा देण्यात आला. हे चित्रपट मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे आणि पाहून झाल्यावर प्रत्येकाची नोंद व गुण वहीत लिहून ठेवतो, म्हणून या मानांकनाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे. कमी तारे देण्यास माझी हरकत नाही. चित्रपट कोणत्या परिस्थितीत उभा राहिला याची दखलच न घेता ते दिले गेले, याचे वाईट वाटते.

१९३० च्या दशकातील मंदीच्या काळात अमेरिकेतील थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिल्या, मोठ्या चित्रपटाच्या उत्पन्नात स्टुडिओचा टक्केवारीने वाटा असे, तर जोडीच्या चित्रपटासाठी, म्हणजेच बी-मूव्हीसाठी, थिएटर सहसा ठरावीक भाडे देई. चित्रपट कितीही चालला तरी हाती येणारी रक्कम जवळपास ठरलेलीच असल्यामुळे खर्च तिच्या आत बसवणे निर्मात्याला भागच होते. सव्वा तासाची लांबी, उसने सेट, मोजके नट आणि घाईचे चित्रीकरण यांचे मूळ या हिशेबात आहे.

आरकेओ स्टुडिओने १९४२ मध्ये व्हॅल ल्यूटन यांच्याकडे भयपटांचे काम सोपवले, तेव्हा खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत आणि नाव स्टुडिओ देईल ते, अशा अटी होत्या. त्यांनी निर्माण केलेला पहिलाच चित्रपट ‘कॅट पीपल’, आपले श्वापदात रूपांतर होईल या भीतीने पछाडलेल्या स्त्रीची गोष्ट. त्यात दिसणारा जिना ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी उभारलेल्या सेटचा आहे. रात्री उद्यानाच्या भिंतीलगत एक तरुणी एकटी चालली आहे. दिव्याखालचा उजेड संपला की काळोख, मग पुन्हा उजेड, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज. तो आवाज मध्येच थांबतो. पार्श्वसंगीत नाही. पाहणाऱ्याचा श्वास अडकलेला असताना पडद्याच्या कडेने एक बस फिस्कारत आत घुसते, आणि क्षणभर कोणीतरी श्वापदच अंगावर आले असे वाटते. दिग्दर्शक जाक टूर्नर आणि संकलक मार्क रॉबसन यांनी साधलेला हा धक्का आजही भयपटांत वापरला जातो. प्राणी जवळजवळ दाखवायचाच नाही, या निर्णयात पैशाची चणचण आणि कलेची समज यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच अशा चित्रपटाचे गुण देताना दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

एडगर उल्मर यांचा ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ (१९५१) अवघ्या सहा दिवसांत चित्रित झाला आणि त्यासाठी ‘जोन ऑफ आर्क’ या खर्चिक चित्रपटाचे उरलेले सेट वापरले गेले. ते सेट ओळखू येऊ नयेत म्हणून सोडलेल्या दाट धुक्यानेच स्कॉटलंडच्या त्या माळरानाला गूढपणा आला आहे. कथेला मी फारसे गुण दिलेले नाहीत, पण दिग्दर्शनाला भरघोस दिले आहेत.

आपल्या यादीतील ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) या चित्रपटावर तर अन्यायच झाला आहे. हर्क हार्वी हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे शैक्षणिक व औद्योगिक लघुपट बनवणारे दिग्दर्शक. युटामधील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी ओस पडलेली सॉल्टएअर या करमणूक केंद्राची इमारत पाहून त्यांना या चित्रपटाची कल्पना सुचली. नायिका दुकानात पोशाख घालून पाहत असताना अचानक जगातला सगळा आवाज बंद होतो. ती बोलते, पण कोणालाच ती दिसत नाही की ऐकू येत नाही. बाहेर पडून ती झाडाखाली उभी राहते आणि पक्ष्याच्या किलबिलीबरोबर आवाज परत येतो. ध्वनी काढून घेण्याला पैसे लागत नाहीत, सुचावे मात्र लागते.

मानांकनात प्रतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार फारच कमी होतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलताना नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे त्याचा प्रसार अफाट झाला, पण कोणीही काढलेल्या पुसट, कापलेल्या प्रतीही जगभर पसरल्या. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून तयार झालेली प्रत आणि इंटरनेटवर सहज सापडणारी एखादी धुरकट प्रत यांत रात्रीची दृश्ये ओळखू येऊ नयेत इतका फरक आहे. सावल्यांवर बेतलेला चित्रपट चिखलासारख्या काळ्या प्रतीवर पाहून ‘छायाचित्रण सुमार’ असा शेरा मारणे योग्य नव्हे.

वाईट चित्रपट अर्थातच आहेत आणि तेही पुष्कळ. लष्कराच्या जुन्या चित्रफिती जोडून वेळ काढणारे, अर्धा तास प्रयोगशाळेत नुसत्या गप्पा मारणारे विज्ञानपट मीही दोन ताऱ्यांच्या पुढे जाऊ दिलेले नाहीत. एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र अदलाबदलीने येतात, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये निधन झालेल्या बेला लुगोसी यांच्या जागी दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो. तरीही आपल्या आवडत्या नटाचे अखेरचे थोडेसे चित्रण वाया जाऊ नये, ही वुड यांची धडपड मला टिंगलीचा विषय वाटत नाही. महाबळेश्वरला चित्रित झालेल्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) पुढे रामसे बंधूंच्या भयपटांनाही आपल्याकडे अशीच वागणूक मिळाली.

यापुढे असे मानांकन छापताना चित्रपटाचे वर्ष, लांबी, उपलब्ध असल्यास चित्रीकरणाचे दिवस किंवा खर्च आणि समीक्षकाने कोणती प्रत पाहिली, एवढी माहिती सोबत द्यावी. कारागिरी आणि परिणाम यांचे तारे वेगवेगळे द्यावेत. निदान ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ आपल्या समीक्षकांनी चांगल्या प्रतीवर पुन्हा पाहून त्याचा शेरा नव्याने प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे