अपडेट बंद ठेवणे हा उपाय नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील संगणकविषयक सदरात ‘अपडेटनंतर नेटवर्क चालेनासे झाले, काय करावे?’ असे एका वाचकाने विचारले होते आणि सदरलेखकाने ‘यापुढे अपडेट बंदच ठेवा’ असे एका ओळीत उत्तर देऊन विषय संपवला होता. याच दुखण्यातून आमचे वाचनालय नुकतेच गेले असल्यामुळे त्या सल्ल्यात काय चुकते आणि त्याऐवजी काय करता येते, हे कळवण्यासाठी हे पत्र.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात देणगीतून मिळालेले सहा जुने संगणक असून त्यांवर पहिल्यापासून लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. गेल्या पावसाळ्यात एका अपडेटबरोबर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून सहापैकी चार यंत्रांचे नेटवर्क मधूनच मुके होऊ लागले. तार जोडलेली, पोर्टवरचा हिरवा दिवा लागलेला, पण एकही पान उघडत नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की तासभर सारे सुरळीत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आलेली मुले ‘सर्व्हर डाउन आहे’ असे म्हणून परत जात होती, आणि हे दोन शब्द आपल्या कानांना इतके सवयीचे झाले आहेत की पहिले चार दिवस आम्हीही ते खरेच मानले. मग तारा बदलून झाल्या, शेजारच्या पतसंस्थेकडून नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा स्विच उसना आणून झाला आणि आमच्या शिपाईमामांनी उंदरांवर संशय घेऊन भिंतीवरची सगळी पट्टी उचकटूनही पाहिली.

बिघडलेल्या चारही यंत्रांत एकाच जातीची नेटवर्क चिप आहे आणि न बिघडलेल्या दोघांत वेगळी, हे लक्षात आल्यावर दिशा मिळाली. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिल्यावर कर्नलची रोजनिशी पडद्यावर येते; तिच्यात प्रत्येक वेळी नेटवर्क मुके होण्याच्या क्षणी ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ ही एकच ओळ उमटलेली होती. बाहेर पाठवायची माहिती रांगेत उभी आहे, चिप ती उचलत नाही आणि कर्नल वाट पाहून थकला आहे, असा तिचा अर्थ. बहुतेक लिनक्स वितरणे, म्हणजे कर्नलसह जुळवून दिलेले लिनक्सचे तयार संच, नवा कर्नल बसवताना जुना लगेच पुसून टाकत नाहीत. संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामची, यादी उघडली आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला, तेव्हा तीच तार, तोच स्विच आणि तेच यंत्र सलग दोन दिवस विनातक्रार चालले. वाचनालयाचे काम त्याच दिवशी सुरू झाले. फक्त कर्नलच्या पॅकेजवर ‘होल्ड’, म्हणजे ते अपडेट होऊ नये अशी खूण, लावला, बाकीची अपडेट चालू ठेवली.

मात्र हा होल्ड कायमचा ठेवणे धोक्याचे आहे. ‘डर्टी काउ’ या नावाने ओळखला गेलेला कर्नलमधील दोष २००७ पासून आत दडून होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो दुरुस्त झाला. त्याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता यंत्राचा पूर्ण ताबा मिळवू शकत असे. ज्यांनी अपडेट बंद ठेवली, त्यांच्या यंत्रांत तो दुरुस्तीनंतरही तसाच राहिला. जिथे दिवसाला पन्नास अनोळखी हात कळफलकावर पडतात, तिथे हा धोका कागदावरचा नाही.

आता मुख्य मुद्दा. चालू असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली तर तिला ‘रिग्रेशन’ म्हणतात, आणि आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलमध्ये बंद पडली तर दोष कर्नलचा, वापरणाऱ्याचा नव्हे, हा नियम लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी वर्षानुवर्षे कडकपणे पाळायला लावला आहे. म्हणजे तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण ‘नेट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला आणि आपली चिप कदाचित कधी हातातही न घेतलेला माणूस काही करू शकत नाही. त्याला नेमका बदल दाखवावा लागतो. कर्नलच्या एका मुख्य आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत दहा ते पंधरा हजार बदल होतात. हा आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनातील ‘बायसेक्ट’ ही सोय शब्दकोशात शब्द शोधण्यासारखी चालते: मधोमध उघडा, चांगले की वाईट ते सांगा, अर्धा भाग सोडून द्या. प्रत्येक फेरीत त्या मधल्या टप्प्यावरचा कर्नल तयार करून तपासायचा; चौदा हजार बदलांसाठी अशा चौदा फेऱ्या पुरतात. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही, चिकाटी लागते. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे.

चिकाटी किती लागते, तेही सांगतो. वितरणाच्या मांडणीप्रमाणे पूर्ण कर्नल बांधायला, म्हणजे मूळ संहितेपासून तयार करायला, आमच्या जुन्या यंत्राला अख्खी रात्र लागे. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय वापरल्यावर त्या क्षणी चालू असलेलेच ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे कर्नलचे भाग) घेतले जातात, त्यामुळे काम पाऊण तासावर आले. पण तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नसल्यामुळे त्याचा ड्रायव्हरच वगळला गेला, आणि नवा कर्नल पेनड्राइव्ह ओळखत नाही हा आणखी एक बिघाड समजून मी एक संध्याकाळ त्यामागे घालवली. याहून मोठी चूक पाचव्या फेरीत झाली. बिघाड लगेच दिसत नसे. यंत्र अर्धा तास स्वस्थ ठेवून मग मोठी फाइल पाठवायला घेतली, की तीनातून एकदा नेटवर्क अडके. मी घाईने एकाच चाचणीवर ‘चांगले’ असा शेरा दिला आणि शेवटी गुन्हेगार म्हणून समोर आला तो कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमधील बदल. आमच्या यंत्रांना कॅमेराच नाही! सुदैवाने बायसेक्ट आपल्या शेऱ्यांची नोंद ठेवतो; ती नोंद काढून चुकीचा शेरा दुरुस्त केला आणि पाचव्या फेरीपासून पुढे, प्रत्येक वेळी दहा चाचण्या करून, पुन्हा गेलो.

दुसऱ्या वेळी मात्र बोट नेमक्या जागी पडले. काम नसताना चिप आणि मदरबोर्ड यांच्यामधील पीसीआय एक्स्प्रेसचा दुवा झोपवून वीज वाचवण्याची ‘एएसपीएम’ ही सोय त्या बदलाने आमच्या जातीच्या चिपसाठी चालू केली होती. दुवा झोपे, पण कधीकधी वेळेवर उठत नसे. हे नवलाचे नाही: आमची चिप वेगळ्या कंपनीची असली तरी रिअलटेक कंपनीच्या चिप चालवणाऱ्या ‘आर-८१६९’ या ड्रायव्हरमध्येही ही बचत आधी चालू करून २०१९ मध्ये पुन्हा बंद करावी लागली होती. खात्रीसाठी सर्वांत नव्या कर्नलमधून तेवढा एकच बदल उलटवून पाहिला. तीन दिवसांत नेटवर्क एकदाही अडकले नाही.

हा उलटतपास टाळू नये, कारण लक्षण एकीकडे आणि दोष भलतीकडे असे प्रत्यक्षात घडलेले आहे. २००८ मध्ये २.६.२७ या कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांवरील कायमस्वरूपी स्मृतीच खराब केली आणि ती कार्डे निकामी होऊ लागली, तेव्हा साहजिकच सगळा रोख ‘ई-१०००-ई’ या ड्रायव्हरवर होता. प्रत्यक्षात चूक निघाली ती कर्नलचा माग काढण्यासाठी असलेल्या ‘एफट्रेस’ या संपूर्ण वेगळ्या भागात: तो मोकळ्या झालेल्या स्मृतीच्या पत्त्यावर लिहीत होता आणि तोच पत्ता नंतर कार्डाच्या वाट्याला आलेला असे.

माझे पत्र त्या ड्रायव्हरच्या देखभालकर्त्याला गेले तेव्हा त्यात चिपचा क्रमांक, चालणारी आणि न चालणारी आवृत्ती, दोषी बदलाची खूण, रोजनिशीतील ओळी आणि ‘कर्नलमध्ये बाहेरचा कोणताही ड्रायव्हर बसवलेला नाही’ हे वाक्य होते. बाहेरचा ड्रायव्हर असेल तर तक्रार सहसा तिथेच थांबते. दोन दिवसांत त्याने एक छोटी दुरुस्ती तपासायला पाठवली, मी ती चारही यंत्रांवर चालवून होकार कळवला आणि काही आठवड्यांनी ती आमच्या वितरणाच्या नेहमीच्या अपडेटमधून परत आमच्याकडे आली.

आपल्या सदरलेखकांना एवढीच विनंती आहे की पुढच्या अंकात निदान ग्रबच्या यादीतून जुना कर्नल कसा निवडायचा आणि होल्ड कसा लावायचा व काढायचा, एवढे तरी त्या वाचकाला सांगावे. आमच्या चार यंत्रांवरील होल्ड मी गेल्या महिन्यात काढला आणि आज सहाही यंत्रे एकाच नव्या कर्नलवर चालू आहेत.

आपला,
सार्वजनिक वाचनालयाचा मानद चिटणीस,
जि. सातारा