टीव्हीवाल्या काकांना, त्या आडव्या रेघेबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

1996 च्या मे महिन्यात तुम्ही बार्शीत आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही दुरुस्त करायला आला होतात. पडद्यावर चित्र नव्हतं, मधोमध फक्त एक लखलखीत आडवी रेघ. "व्हर्टिकल उडालंय," म्हणालात आणि आधी ब्राइटनेस कमी केलात, नाहीतर तेवढ्या जागी पडदा जळतो. मग झाकण काढलंत. डावा हात पाठीमागे ठेवून काम करत होतात, कारण पिक्चर ट्यूबला, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळून जिच्यात चित्र उमटतं त्या काचेच्या नळीला, 12-15 हजार व्होल्ट असतात.

मी बारावीत जाणार होते. चुंबकीय क्षेत्रात विजेच्या प्रवाहावर बल कुठल्या दिशेला लागतं ते तीन बोटांनी दाखवणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तोंडपाठ होता, बोटं मात्र दर वेळी चुकायची. "चुंबक इलेक्ट्रॉनला ओढतो ना?" असं मी विचारलं. तुम्ही काही बोलला नाहीत. जुन्या स्पीकरचा चुंबक पिशवीतून काढलात आणि ट्यूबच्या मानेशी, बाजूने धरलात. रेघ चुंबकाकडे सरकेल असं मला वाटलं होतं. ती सरळ वर गेली! चुंबक उलटा केलात, तर खाली आली.

आजही ती रेघ डोळ्यांसमोर आहे. इलेक्ट्रॉन पडद्याकडे धावतायत, चुंबकीय क्षेत्र आडवं, म्हणून बल दोन्हींच्या काटकोनात. ते धावेलाही सतत काटकोनात असतं, त्यामुळे वेग तसूभरही वाढत किंवा घटत नाही, फक्त वाट वळते. वेग देतात ते हजारो व्होल्ट: सेकंदाला साठ-सत्तर हजार किलोमीटर. जागच्या जागी थांबलेल्या इलेक्ट्रॉनला तोच चुंबक हलवूही शकत नाही.

मग मानेवरचा योक, म्हणजे तारेच्या कॉइल्सचं कडं, दाखवलात. त्यातली एक कॉइल झोत सेकंदाला 15,625 वेळा आडवा फिरवते, दुसरी 50 वेळा वरून खाली. दुसरीचा करंट बंद पडला म्हणून उरली ती रेघ. "आत्ता तिचं काम हा चुंबक करतोय," म्हणालात, आणि तो माझ्या हातात दिलात.

मी आता अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हा धडा आला की पहिल्या तासाला फळ्यावर सूत्र लिहीत नाही, तुमची रेघ काढते आणि विचारते, चुंबक बाजूला धरला तर ही कुठे जाईल? निम्मा वर्ग बाजूलाच म्हणतो, जसं मी म्हटलं असतं. काका, मनापासून आभार. घाई असूनही तुम्ही त्या दुपारी माझ्यासाठी थांबलात.

चुंबक अजून माझ्याकडे आहे. चालू पिक्चर ट्यूब मात्र आता कुठे मिळत नाही. तुमच्याकडे एखादा जुना सेट पडून असेल तर कळवा, मी स्वतः न्यायला येते.

तुमची,
बारावीतली ती मुलगी