पाटणच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सादर नमस्कार.

तुम्ही त्या दिवशी फक्त मजुरी घेतलीत आणि म्हणालात, "आभार राहू दे ताई, गाडी उभी ठेवणाऱ्या चार जणांना सांग." म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

आईला फार वेळ बसवत नाही. तिला माहेरी, गुहागरला, आडवं होऊन जाता यावं म्हणून आम्ही मागे पलंग असलेली कॅम्परव्हॅन बांधून घेतली. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी साताऱ्याला तीन-तीन आठवडे शेडमध्ये उभी राहायची, आणि निघायच्या सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता टकटक करायचा. आई तयार होऊन पायरीवर बसलेली, आणि आम्ही शेजाऱ्यांच्या दारात केबल मागायला. बॅटरीच गेली म्हणून एका दुकानातून नवी घेतली. महिन्याभरात तीही उतरली.

तुमच्याकडे आले तेव्हा बंद केली तर पुन्हा उठणार नाही या भीतीनं इंजिन चालूच ठेवलं होतं. "बंद कर, मी आहे," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा किती बरं वाटलं ते तिथे बोलता आलं नाही.

मी सांगितलं, टपावर सोलर आहे, शिवाय दर रविवारी पाच मिनिटं चालू करते. तुम्ही समजावलंत: सोलर भरतं ती मागची, दिवे-पंख्याची बॅटरी, सेल्फची पुढची बॅटरी वेगळी. "एका घरात दोन चुली आहेत, एकीवरचं दुसरीला मिळत नाही." आणि खाली बसलेली बॅटरी भरायला तासन्‌तास लागतात, जागेवर पाच मिनिटं इंजिन फिरवून काही होत नाही. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दहाच्या पान्यानं पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मीटर लावलात, बंद गाडी किती करंट खाते ते बघायला. गाडी लॉक करून अर्धा तास थांबायला लावलंत, कारण आतलं कंट्रोल युनिट झोपल्याशिवाय आकडा खरा येत नाही. तोवर आईला चहा पाजलात. आकडा आला पाव अँपिअर. म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास; 70 अँपिअर-तासांची बॅटरी दहा-बारा दिवसांत रिकामी. फ्यूजच्या डब्यातले फ्यूज एकेक करून काढलेत तरी आकडा हलेना. दुसरा कुणी असता तर तिथेच हात टेकले असते. तुम्ही मात्र वायर हातानं चाचपत गेलात. बॉडी बांधताना कुणीतरी म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर थेट पुढच्या बॅटरीला जोडून ठेवला होता, तो बंद गाडीतही करंट खात होता. तो मागच्या बॅटरीवर घेतल्यावर आकडा 0.03वर आला. घड्याळ, अलार्म, लॉक मिळून एवढं लागतंच, म्हणालात.

त्या उरलेल्या थेंबाथेंबासाठी तुम्ही एक छोटी डबी बसवलीत. मागची बॅटरी भरली की सोलरचा उरलेला करंट ती पुढे सोडते. सोलर नसलेल्यांनी कटऑफ स्विच लावावा किंवा निगेटिव्ह काढून ठेवावं, काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी, हेही तुमचंच सांगणं. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. आमची जुनी बॅटरी अशीच मेली असणार. त्या पैशांपेक्षा आईचे हुकलेले दिवस मला जास्त लागतात. तिच्या भावाच्या साठीला आम्ही दुपारी पोचलो होतो, पंगत उठल्यावर.

या पावसाळ्यात गाडी 40 दिवस हलली नाही. शेडच्या कडेनं जे काही ढगाळ ऊन आलं, तेवढंच. गणपतीला निघायच्या आदल्या रात्री तुम्ही दाखवलं तसं मीटर लावून पाहिलं: 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. पहाटे पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली, आणि कुंभार्ली घाट उतरताना आई खिडकीतून धुकं बघत होती. आरतीच्या आधी पोचलो.

तिनं तुमच्यासाठी गुहागरहून आमसुलं आणली आहेत. येत्या फेरीत दुकानाशी थांबते. इंजिन बंद करून.

तुमची,
साताऱ्याची व्हॅनवाली ताई