मकरंदला, सादरीकरणाआधी

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात पीएच.डी.च्या सल्लागार समितीसमोर मराठवाड्यातल्या विहिरींवरच्या तुझ्या कामाचं सादरीकरण आहे आणि बेचाळीस स्लाइड तयार झाल्यात, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

निम्म्याहून जास्त काढून टाक. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा खडक, कसा तयार झाला हे समितीला ठाऊक आहे. तुझ्या कामाचा जीव आहे त्या दोन विहिरींच्या आलेखात. एकच गाव, एकच पाऊस. तरी एक विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते आणि दुसरी मे महिन्यापर्यंत तग धरते. हे का होतं, हाच तुझा प्रश्न ना? मग तिथूनच सुरुवात कर. फक्त पाण्याची पातळी जमिनीपासून मोजलीस की समुद्रसपाटीपासून, ते अक्षावर कुठेच लिहिलेलं नाही. जमिनीपासून असेल तर शून्य वरच्या टोकाला घे. आता पाणी चढलं की तुझी रेघ खाली जाते आणि बघणारा गोंधळतो. पहिला प्रश्न यावरच येईल.

तुला ‘थ्री मिनिट थीसिस’ ठाऊक आहे का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 साली ही स्पर्धा सुरू केली. तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, आणि समोर विषयाबाहेरचे श्रोते. ती सुचली कशी, हे तर तुला आवडेलच. तेव्हा तिथे भीषण दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून आंघोळ उरकत. ते पाहून तिथल्या पदव्युत्तर विभागाचे तेव्हाचे डीन अ‍ॅलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. मराठवाड्याच्या विहिरींवर काम करणाऱ्याने तर ही तीन मिनिटं करून बघायलाच हवीत.

मनापासून सांगतो, माझं काम मला नीट कळलं ते प्रबंध लिहिताना नव्हे, दुसऱ्या विभागातल्या मुलांना समजावताना. ‘बरं, मग त्याने काय होतं?’ असं कुणी सरळ विचारलं की पळवाट उरत नाही. आपलं काम असं समजावून सांगणं आपल्याकडे शिकवलंच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत दर सत्रात समितीसमोर सादरीकरण आहे. प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण तर सगळ्या प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना खुलं ठेवायचं आहे. कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण मिळावं, हेही त्यात आहे. कागदावर सगळं आहे रे! पण मी पाहिलेल्या अशा सादरीकरणांना गाईड, समिती आणि चहा आणणारा शिपाई एवढेच हजर. ज्युनिअर मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग तीच मुलं पुढे पहिल्यांदा बोलायला उभी राहतात ती थेट परीक्षेलाच. प्राध्यापकी असो, भूजल खात्यातली नोकरी असो की एखादी संस्था, पुढे रोज हेच करायचं आहे: आपलं काम दुसऱ्याला पटवून द्यायचं.

म्हणून तुझ्या विभागात आधी एक रंगीत तालीम घे. एमएस्सीच्या मुलांना बोलाव, इतिहासवाल्यांनाही बोलाव, आणि प्रश्न लिहून घ्यायला एकाला बसव. उत्तरं त्या वेळी नाही दिलीस तरी चालेल. शिवाय ज्यांच्या विहिरीत तू टेप सोडतोस त्या शेतकऱ्यांना बांधावर, स्लाइडशिवाय, हे सगळं मराठीत सांग. त्यांना तुझ्या आलेखापेक्षा जास्त वर्षांचं पाणी आठवत असतं. तुझं कुठे चुकतंय तेही ते सांगतील.

नवा आलेख झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. रविवारी रात्री जेवणं उरकली की फोन करतो; तीन मिनिटं मी घड्याळ लावून ऐकेन, मग तासभर भांडू. काकांची साखर आता कशी आहे तेही कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल