आधी हीटरची वीज नीट मोजा

महोदय,

निकेलची भुकटी आणि हायड्रोजन यांच्यातून कमी ऊर्जेच्या अणुप्रक्रियेने उष्णता मिळवू पाहणाऱ्या प्रायोगिक उपकरणाबद्दलचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. अशी प्रक्रिया होते की नाही, यावर त्यात भरपूर लिहिले आहे. पण भुकटी भरलेल्या नळीभोवतीच्या हीटरला वीज कशी दिली आणि ती कशाने मोजली, यावर एक ओळही नाही. विजेच्या भट्ट्यांच्या कंट्रोल पॅनेलवर माझी बरीच वर्षे गेली, म्हणून ही उणीव मला फार खटकली.

तापमान राखण्यासाठी बहुतेक जण ट्रायॅक किंवा थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच लावतात. तो एसी विजेच्या प्रत्येक अर्धलाटेचा सुरुवातीचा भाग कापतो आणि उरलेला हीटरला देतो. अशा कापलेल्या लाटेवर साधा मल्टिमीटर फसतो. तो सरासरी मोजतो आणि लाट अखंड आहे असे धरून आकडा दाखवतो. प्रत्येक अर्धलाट बरोबर मध्यावर कापली, तर हीटरवरचे व्होल्टेज आणि करंट दोन्ही खऱ्याच्या सुमारे ७१ टक्केच दिसतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट निम्मे भरतात. म्हणजे हीटरमध्ये ५०० वॅट जात असताना वहीत २५० लिहिले जातात, आणि अणूला धक्काही न लागता ‘दुप्पट उष्णता’ मिळते! लाट कापलेली असली तरी खरा आकडा देणारा ट्रू आरएमएस मीटर वापरावा, आणि त्याहून बरे म्हणजे हीटर स्थिर डीसी पुरवठ्यावर चालवावा. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर एवढाच हिशेब उरतो.

वीज नीट मोजली तरी काम संपत नाही. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे इटालियन उद्योजक आंद्रेआ रोस्सी यांच्या ‘ई-कॅट’ या अशाच उपकरणाची ३२ दिवस चाचणी झाली. दिलेल्या विजेच्या तिपटीहून जास्त उष्णता निघाल्याचे अहवालात म्हटले होते. नळीचे तापमान थर्मल कॅमेऱ्याने घेतले होते आणि नळीच्या ॲल्युमिना या सिरॅमिकची उत्सर्जकता, म्हणजे तापल्यावर ते किती उष्णता किरणांतून बाहेर टाकते, याचा चुकीचा आकडा कॅमेऱ्याला दिला गेला, असा आक्षेप नंतर अभ्यासकांनी घेतला. मला त्याहून टोचते ते वेगळेच. इंधन (म्हणजे ती भुकटी) नसलेली नळी सुमारे ४८० वॅटपर्यंतच तापवली होती, इंधन भरलेली मात्र त्याहून कितीतरी जास्त विजेवर चालवली. मग तुलना करायची कशाशी?

माझ्या मते खरा साक्षीदार कंट्रोलरच आहे. तापमान पाहून हीटरची वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पीआयडी कंट्रोलरला १००० अंशांवर थांबायला सांगितले, की नळीतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच वीज तो हीटरला देतो. आतून १०० वॅट जास्तीचे मिळू लागले, तर त्याला हीटरचे तेवढेच वॅट कमी करावे लागतील. म्हणून तीच नळी, तोच हीटर, एकदा निष्क्रिय भुकटी भरून आणि एकदा इंधन भरून, त्याच तापमानावर चालवावी आणि दोन्ही वेळचे वॅट एकाच आलेखावर काढावेत. गूगलच्या मदतीने झालेले, २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेले संशोधन अशा काटेकोर मोजमापाचे होते. निकेल-हायड्रोजनचे चारशेहून अधिक नमुने तपासले, जास्तीची उष्णता एकातही आढळली नाही.

एवढी उष्णता निघते तर हीटर कशाला, असे वाचक विचारतात. प्रक्रिया आवरायला तो लागतो, हे दावेदारांचे उत्तर मी उडवून लावणार नाही. तापमानाबरोबर प्रक्रिया वाढत असेल, तर हीटर कमी करून ती आवरता येईल, पण नळीतून बाहेर जाणारी उष्णता त्याहून वेगाने वाढते आहे तोवरच. त्यापुढे हीटर शून्यावर आणला तरी तापमान चढतच राहील. तिथे थंड करण्याची सोय लागते, आणि घरी प्रयोग करणाऱ्यांकडे ती क्वचितच असते. हायड्रोजनसाठी भुकटीत मिसळले जाणारे लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड तापले की हायड्रोजन सोडते आणि बंद नळीत दाब वाढतो. अशा वेळी तापमान मोजणारे थर्मोकपल जागेवरून निसटले, तर कंट्रोलरला नळी थंड वाटते आणि तो पूर्ण वीज सोडतो. साध्या भट्टीत असे होऊन हीटरचे वेटोळे वितळलेले मी पाहिले आहे. वेगळ्या थर्मोकपलवर चालणारा आणि मुख्य पुरवठाच तोडणारा दुसरा कंट्रोलर नसेल, तर अशा नळीजवळ कोणी उभे राहू नये.

या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा प्रयोग करणाऱ्यांकडून त्या दोन फेऱ्यांच्या वॅटचा आलेख जरूर मागून घ्या, आणि तो लेखासोबत छापा.

आपला,
एक वाचक